सात हजार डॉलरची विद्यार्थिनी

खरं सांगतो, तिला आम्ही घेतलं ते सात हजार डॉलरसाठी.

२०२३ चा फेब्रुवारी. कॅनडातल्या विनिपेगला बाहेर उणे तीस, आणि आत ऑफिसच्या भिंतीवर उन्हाळ्याच्या कामांची यादी. आमचं ऑफिस म्हणजे चौदा माणसांचा संसार. लहान गावांचे पाणी शुद्धीकरणाचे प्लँट तपासायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, कधी एखादा नवा आखून द्यायचा. आमच्या मॅनिटोबा प्रांतात जमीन मोकळी सापडते जेमतेम पाच महिने, त्यामुळे फिल्डवरची सगळी कामं मे ते सप्टेंबरात कोंबलेली. हात कमी पडणार हे दिसतच होतं. मालकीणबाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "एखादा को-ऑपचा विद्यार्थी बघ. निम्मा पगार सरकार देतं."

आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की शेवटच्या वर्षाला कंपन्या कॉलेजात येतात आणि पोरं उचलतात, ते डोळ्यांसमोर येतं. इथली तऱ्हा वेगळी. शिकता शिकता चार महिने पगारी नोकरी करायची, पुन्हा वर्गात जाऊन बसायचं, पुढच्या उन्हाळ्यात परत नोकरी. त्यासाठी केंद्र सरकारची ‘स्टुडंट वर्क प्लेसमेंट प्रोग्रॅम’ नावाची योजना २०१७ पासून आहे. मालकाला विद्यार्थ्याच्या पगारातले ५० टक्के परत मिळतात, जास्तीत जास्त ५,००० डॉलर. विद्यार्थी पहिल्या वर्षाचा असेल, अपंग असेल, इंजिनिअरिंगची मुलगी असेल, देशात नव्याने स्थायिक झालेला असेल किंवा इथला मूळनिवासी असेल, तर ७० टक्के, ७,००० डॉलरपर्यंत.

मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तासाला २२ डॉलर, आठवड्याला चाळीस तास, सोळा आठवडे. झाले १४,०८०. म्हणजे अर्धे त्यांचे, अर्धे आमचे. मालकीणबाईंनी कागद बघितला आणि ‘मूळनिवासी विद्यार्थ्याला प्राधान्य’ अशी ओळ जाहिरातीत टाकायला सांगितली. उदात्त वगैरे काही नव्हतं. (भारतातून शिकायला आलेल्या पोरांना ही योजना लागू नाही. नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं, नाहीतर निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेलं. दर वर्षी पुण्या-नाशिककडचे दोन-चार अर्ज माझ्याकडे येतात आणि दर वर्षी मी तेच उत्तर लिहितो.)

मॅनिटोबा विद्यापीठात ‘एनगॅप’ नावाचा उपक्रम आहे. मूळनिवासी मुलामुलींना इंजिनिअरिंगमध्ये आणायचं आणि टिकवायचं, यासाठी १९८५ पासून चालू आहे. गणिताचा पाया कच्चा असेल तर आधी तो पक्का करून घेतात, शहरात नवं असेल तर हात धरतात. तिथून तीन अर्ज आले. तिचा सगळ्यात छोटा होता. एक पान, त्यातही खाली बरीच मोकळी जागा. ‘अनुभव’ या मथळ्याखाली एकच ओळ: दोन उन्हाळे गावच्या पाणीगाडीवर मदतनीस.

मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. इतर दोघांकडे सॉफ्टवेअरची लांबलचक यादी होती. पण त्या दोघांना दुसरीकडे काम मिळालं, आणि ती उरली. हेही खरंच सांगायला हवं.

तिचं नाव मी इथे घेणार नाही, गावाचंही नाही. मॅनिटोबाच्या उत्तरेला अशा वस्त्या आहेत जिथे वर्षातले बहुतेक दिवस विमानानेच पोहोचता येतं. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांवरून बर्फाचा रस्ता काढतात, मग ट्रक जातात. एवढ्याशा गावात एका वाक्यावरून माणूस ओळखू येतो.

फॉर्म भरताना मी अडखळलो. विद्यार्थी मूळनिवासी आहे का, याची खूण त्यानं स्वतः करायची. दाखला मागत नाहीत. मी शहापूर तालुक्यातला माणूस. आमच्या वर्गात ठाकर समाजाचा एक मित्र होता, गणितात माझ्यापेक्षा पुढे. त्याची जात पडताळणी अडकली. १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणाले. त्याचा आजा शाळेत कधी गेलाच नव्हता, तर शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? कागद येईपर्यंत इंजिनिअरिंगची प्रवेशाची तारीख उलटली. मी तंत्रशिक्षणाला गेलो, तो वीटभट्टीवर. आणि इथे एक चौकोन, त्यात एक बरोबरची खूण. मी तिला विचारलं, "एवढ्यावर भागतं?" ती म्हणाली, "कार्ड आहे माझ्याकडे. हवं तर दाखवते." आणि पाकिटातून कार्ड काढून तिनं माझ्यासमोर धरलं. त्यावर छापलं होतं: ‘इंडियन’ असल्याचं प्रमाणपत्र.

कॅनडात १८७६ चा ‘इंडियन अ‍ॅक्ट’ अजून लागू आहे. कोण इंडियन आणि कोण नाही हे तो कायदा ठरवतो, म्हणून कार्डावर अजून तोच शब्द. बोलण्यात मात्र आता ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणतात; मेटी आणि इन्युइट हे त्यांच्याहून वेगळे मूळनिवासी समाज. मी म्हणालो, "माझ्या जुन्या पासपोर्टवरही हेच लिहिलं होतं." ती पहिल्यांदा हसली. नंतर चार महिने आमच्या दोघांत तो विनोद चालला. फोनवर कुणी विचारलं की तुमच्याकडचा इंडियन इंजिनिअर कुठाय, तर ती विचारायची, "कोणता?"

पहिल्या आठवड्यात आम्ही ज्या चुका केल्या त्या आता आठवल्या तरी कानशिलं तापतात. सोमवारच्या बैठकीत एका सहकाऱ्यानं तिला विचारलं, "या प्रकल्पाबद्दल फर्स्ट नेशन्सना काय वाटेल?" मॅनिटोबात ६३ फर्स्ट नेशन्स आहेत. भाषा वेगळ्या, करार वेगळे, भांडणंही वेगळी. तिनं वहीत बघत सांगितलं, "मी विचारून सांगते." कुणाला विचारणार हे कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वेबसाइटसाठी फोटोग्राफर आला. त्यानं चौदा माणसांतून बरोबर तिलाच हेल्मेट घालून पुढे उभं केलं. तिनं फोटो काढू दिला. संध्याकाळी मला ईमेल आला, दोन ओळींचा: फोटो वापरू नका, मला अजून इथलं काही येत नाही.

मीही काही कमी नव्हतो. दोन आठवड्यांनी विद्यापीठाला पहिला अहवाल पाठवायचा होता. त्यात ‘पुढाकार’ या रकान्यात मी पाचपैकी दोन दिले. कारण ती बोलत नव्हती. काही सांगितलं की मान डोलवायची, पेन्सिलीनं लिहून घ्यायची, निघून जायची. एनगॅपच्या समन्वयक बाईंचा फोन आला. त्या स्वतः मेटी. त्यांनी विचारलं, "तिला शेवटचं काम दिलंत ते झालं का?" झालं होतं. "वेळेत?" वेळेच्या आधी. "मग दोन कशाचे?" मी म्हटलं, ती प्रश्न विचारत नाही. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी बघायचं, मग करायचं, आणि अगदीच अडलं तर विचारायचं, असं ती शिकलीये. तुम्ही तिच्यासमोर काम करता का, की नुसतं सांगता?"

मी नुसतं सांगत होतो. माझी आजी भाकरी थापायला शिकवताना एक शब्द बोलायची नाही, हे मला तेव्हा आठवलं. त्यानंतर क्लोरीनचा डोस काढायचं गणित मी तिच्या टेबलाशी बसून माझं मी करायला लागलो. ती बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं माझी चूक काढली.

पैशाचं मात्र कुणीच बोलत नव्हतं. पहिला पगार दोन आठवड्यांनी. पण मे महिन्यात विद्यापीठाचं वसतिगृह सोडून खोली घ्यायची तर अर्ध्या महिन्याचं भाडं अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. साइटवर पाय ठेवायचा तर पुढे पोलाद असलेले बूट हवेत, ते दोनशे डॉलर. आम्ही पत्रात लिहिलं होतं, ‘बुटांचा खर्च पावती दिल्यावर परत मिळेल’. पावती आणायला आधी दोनशे डॉलर लागतात, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि लिहिणारा मीच. ती पहिल्या साइटला आली ती चुलतभावाचे बूट घालून, दोन नंबर मोठे, आत मोज्यांचे तीन जोड. मला ते दिसलं दुपारी, ती टाकीची शिडी उतरताना पाय चाचपत होती तेव्हा. त्या संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. ठाण्याला माझ्या पहिल्या नोकरीत मीही मावसभावाच्या शर्टात गेलो होतो. मग मला हे सुचायला एवढा वेळ का लागला, कुणास ठाऊक.

जूनमध्ये एके दिवशी तिनं सकाळची दोन तासांची सुट्टी मागितली. परत आली ती पाच डॉलरची करकरीत नोट घेऊन. ‘ट्रीटी डे’ होता. १८७० च्या दशकातल्या करारांत ठरलं होतं की राणीचं सरकार माणशी वर्षाला पाच डॉलर देईल. तेव्हा पाच डॉलरला काहीतरी किंमत होती. रक्कम वाढवायची सोय करारात नाही, म्हणून आजही पाचच. टेबल मांडून सरकारी माणूस बसतो, रांग लागते, नाव तपासून नोट देतात. मी विचारलं, "एवढ्यासाठी रांगेत कशाला उभं राहायचं?" ती म्हणाली, "ते विसरले नाहीत ना, हे बघायला." नोट तिनं तिच्या स्क्रीनच्या कडेला टेपनं चिकटवली. ऑगस्टपर्यंत ती तिथेच होती.

त्याच महिन्यात आम्ही पूर्वेकडच्या एका साइटला चाललो होतो, ऑन्टारिओच्या हद्दीजवळ. वाटेत फाटा आला तसं तिनं विचारलं, "शोल लेक बघितलंय?" नाव ऐकून होतो. विनिपेग शहर शोल लेकचं पाणी पितं. १९१९ मध्ये पूर्ण झालेला जलवाहक मार्ग, दीडशे किलोमीटरहून लांब, पंपाशिवाय उतारानं पाणी शहरात येतं. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुकच होतं. तिनं दुसरी बाजू सांगितली. पाणी घ्यायची जागा ‘शोल लेक ४०’ या अनिशिनाबे लोकांच्या जमिनीवर. शहराकडे स्वच्छ पाणी जावं म्हणून गढूळ पाणी वळवायला कालवा खणला आणि त्या कालव्यानं वस्ती जमिनीपासून तोडली. बेट झालं. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फ, आणि मधल्या दिवसांत जीव मुठीत. शहराला पाणी देणाऱ्या त्या वस्तीत १९९७ पासून ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना लागू होती. रस्ता झाला २०१९ मध्ये, त्याचं नावच ‘फ्रीडम रोड’. स्वतःचा शुद्धीकरण प्लँट सुरू झाला सप्टेंबर २०२१ मध्ये. चोवीस वर्षं.

गाडी मी बाजूला घेतली. तिला वाटलं काहीतरी बिघडलं.

मी ज्या गावात वाढलो तिथून तानसा जवळ. १८९२ मध्ये धरण झालं, मुंबईसाठी. मग मोडकसागर, मग भातसा, बहुतेक पाणी मुंबईसाठी. रस्त्याच्या कडेनं माणसापेक्षा उंच जलवाहिन्या जातात, लहानपणी आम्ही त्यांवरून चालत शाळेत जायचो. आणि एप्रिल लागला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. वारली, ठाकर, कातकरी बाया हंडे घेऊन जलवाहिनीच्या गळक्या सांध्यापाशी बसलेल्या. तानसाचं पाणीही उतारानंच मुंबईला जातं. मी हे तिला तोडकंमोडकं सांगितलं. तिनं फक्त एक विचारलं, "तू तिथे पाण्याचं काम का नाही केलंस?"

उत्तर दिलं नाही. गाडी सुरू केली.

जुलैच्या सुरुवातीला ती तीन दिवस आली नाही. शहराच्या दक्षिणेला ब्रेडी रोडच्या कचरा डेपोचा रस्ता आंदोलकांनी अडवला होता. खून झालेल्या फर्स्ट नेशन्सच्या दोन स्त्रियांचे अवशेष शहराबाहेरच्या दुसऱ्या एका डेपोत असावेत असा पोलिसांचा अंदाज होता आणि तेव्हाचं प्रांतिक सरकार तिथे शोध घ्यायला तयार नव्हतं. ऑफिसात सगळे हवामानावर बोलत होते, वणव्याच्या धुरावर बोलत होते (त्या वर्षी कॅनडात विक्रमी वणवे लागले), पण यावर कुणी नाही. ती परत आली तेव्हा मालकीणबाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. काय बोलणं झालं माहीत नाही. पण रजेच्या तक्त्यावर त्या तीन दिवसांपुढे ‘पगारी’ लिहिलेलं मी पाहिलं. पुढे सरकार बदललं, शोध झाला आणि २०२५ मध्ये दोघींचेही अवशेष सापडले.

जुलैअखेर आम्ही एका वस्तीत गेलो. तिचं गाव नव्हतं, पण तिकडचंच, विमानानं जायचं. काम साधं होतं. प्लँटची तपासणी, तळ्यातून पाणी उचलतात तिथपासून प्लँटमधून बाहेर पडतं तिथपर्यंत. कंत्राटात तेवढंच लिहिलं होतं.

निघायच्या आधी तिनं मला सांगितलं, तिथल्या एका ज्येष्ठ माणसाला भेटावं लागेल आणि तंबाखू न्यावी लागेल. माझ्या डोळ्यांपुढे आजोबांची चंची आली, चुन्याची डबी आली. मी खरंच विचारलं, "चुना पण?" इथे तंबाखू पवित्र. कुणाकडून काही मागायचं, शिकायचं तर आधी ती हातावर ठेवायची. त्यांनी घेतली तर त्यांनी होकार दिला. त्या आजोबांनी माझ्या हातातली पुडी घेतली, तिच्याशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले, आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत एवढंच म्हणाले, "प्लँट चांगला आहे." मला बरं वाटलं. त्यात टोमणा होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

प्लँट खरोखरच चांगला होता. चालवणारा माणूस वीस वर्षांचा अनुभवी, नोंदवही स्वच्छ, गढूळपणा हद्दीत, बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन हवं तेवढं. तळ्याचं पाणी झाडपाल्यानं चहासारखं तपकिरी, त्यात क्लोरीन घातलं की ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक रसायनं तयार होतात. कॅनडात त्यांची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, तेही आत होतं. मी अहवालाचं पहिलं पान विमानतळावरच लिहायला घेतलं असतं.

पण तिनं विचारलं, "गाडी कुठे रिकामी होते ते बघायचं नाही?"

निम्म्या गावात नळाची लाइन पोहोचलेली नव्हती. तिथे पाणीगाडी येते, घराशेजारच्या किंवा जमिनीत पुरलेल्या टाकीत पाणी ओतते, तिथून छोट्या पंपानं स्वयंपाकघरात. तिनं दोन उन्हाळे हेच केलेलं. टाकीचं झाकण नीट बसत नाही, वसंतात बर्फ वितळलं की बाहेरचं पाणी आत उतरतं, उंदीर मेलेला सापडतो, आणि टाकी धुवायची जबाबदारी कुणाची हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्या एका ओळीत हे सगळं होतं, आणि मी ती ओळ ओलांडून गेलो होतो.

मी म्हटलं, आपल्या कामात बसत नाही. ती म्हणाली, "मी संध्याकाळी करीन. माझ्या वेळेत." नमुन्याच्या बाटल्या जास्तीच्या होत्याच. अकरा घरी ती गेली. मी दोन घरी सोबत गेलो आणि मग थांबलो, कारण माझ्याबरोबर असली की बोलणं आटायचं. ती एकटी गेली की तिला चहा, बॅनक नावाची इथली रोटी, कोण कुणाची नात याची चौकशी आणि शेवटी टाकीचं झाकण उघडून मिळायचं.

जिवाणूंच्या चाचणीचे नमुने विनिपेगच्या प्रयोगशाळेत वेळेत पोहोचवायचे तर विमान वेळेवर हवं, आणि धुरामुळे विमानांचा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही जागेवरच कोलिलर्ट नावाची तयार चाचणी लावली. पाण्यात पूड घालायची, पस्तीस अंशांवर चोवीस तास ठेवायचं. कोलिफॉर्म जिवाणू असतील तर पाणी पिवळं होतं. मग अंधारात अतिनील दिवा धरायचा. निळसर चमकलं तर ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून आलेला जिवाणू.

दुसऱ्या संध्याकाळी प्लँटमधली दिवे घालवलेली छोटी खोली, तीत आम्ही तिघं: ती, मी आणि प्लँट चालवणारा. प्लँटच्या नळाची बाटली स्वच्छ. गाडीतली स्वच्छ. अकरांपैकी सहा पिवळ्या. त्यातल्या दोन चमकल्या. क्लोरीन तर बहुतेक टाक्यांत शून्य. आपल्याकडे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावं म्हणतात. प्लँट चालवणारा भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "वीस वर्षं माझ्या वहीत सगळं बरोबर आहे."

त्याला दोष लागू नये म्हणून अहवाल कसा लिहायचा, यावर ती आणि मी विमानात भांडलो. भांडलो म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं. मला परिशिष्ट पुरेसं वाटत होतं. ती म्हणाली, "परिशिष्ट कोण वाचतं?" शेवटी पहिल्याच पानावर दोन वाक्यं गेली: प्लँटमधून बाहेर पडणारं पाणी सुरक्षित आहे, ते घरी पोहोचेपर्यंत सुरक्षित राहत नाही. ज्या घरांत चमक दिसली त्यांना तिनं त्याच रात्री जाऊन सांगितलं होतं, आणि कुणालाही न विचारता स्वतःच्या खिशातून दोन घरांना बाटलीबंद पाणी दिलं होतं. उत्तरेत त्याची किंमत काय असते ते मला माहीत आहे. पावती तिनं दिली नाही. मीही यावेळी मागितली नाही, पैसे पाठवून दिले.

गावानं तो अहवाल घेऊन टाक्यांच्या दुरुस्तीसाठी पैसे मागितले. काही आले, काही अजून येतायत.

ऑगस्टच्या शेवटच्या अहवालात ‘पुढाकार’ समोर पाच लिहिताना मला लाज वाटत होती. सरकारचे सात हजार यथावकाश आले. मालकीणबाईंनी त्यातून बुटांचा एक खण भरून ठेवला, सगळ्या मापांचे. पुढच्या विद्यार्थ्याला पत्रासोबतच पहिल्या महिन्याची उचल द्यायची असंही ठरलं. वेबसाइटवर तिचा फोटो शेवटपर्यंत गेला नाही.

२०२४ मध्ये तिची पदवी झाली. आम्ही नोकरी देऊ केली, पगारही बरा. तिनं आठवडाभर विचार केला आणि नकार कळवला. काही फर्स्ट नेशन्सनी मिळून चालवलेल्या परिषदेच्या तांत्रिक विभागात गेली. गावोगावच्या प्लँट चालवणाऱ्यांना तिथे जाऊन, त्यांच्याशेजारी उभं राहून शिकवायचं. आमच्यापेक्षा पगार कमी. आम्ही तिला घडवलं असं म्हणायची फार इच्छा होते, पार्टीत मी एकदा म्हणूनही गेलो, आणि बायकोनं टेबलाखालून पाय दाबला. पाणीगाडीवरच्या दोन उन्हाळ्यांनी काय केलं आणि आमच्या चार महिन्यांनी काय केलं, याची वाटणी कशी करणार? एवढं नक्की की आमच्याकडे आली नसती तर त्या परिषदेतल्या नोकरीच्या जाहिरातीत ती ‘अनुभव एक वर्ष’ या अटीपाशीच अडली असती. आमचे चार महिने आणि पुढच्या उन्हाळ्यातले दुसरीकडचे चार, असं जोडून तिनं ते जवळपास भरलं.

गेल्या शरद ऋतूत आमच्याकडे एक निविदा आली, सहा वस्त्यांच्या पाण्याची तपासणी. कामाची व्याप्ती: तळ्यापासून स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत. पुढे अटी. प्रत्येक वस्तीतून एक विद्यार्थी उन्हाळ्यात पूर्ण पगारावर घ्यावा, त्याला प्रत्यक्ष काम द्यावं, अहवालावर त्याचं नाव असावं. मी मसुदा पाठवला. तो परत आला तो लाल खुणांनी भरून. माझ्या एका वाक्यापुढे लिहिलं होतं, ‘हे कोण वाचणार?’ अक्षर ओळखीचं होतं, तेच पेन्सिलीचं वळण, आता लाल शाईत.

काम मिळालं. मी पुन्हा तो फॉर्म उघडला, सहा विद्यार्थ्यांसाठी सहा वेळा, आणि एका रकान्यापाशी अडलो म्हणून तिला फोन लावला. मागे गाडीचा आवाज येत होता, ती कुठल्यातरी प्लँटवरून निघाली होती. रकान्याचं तिनं दोन शब्दांत सांगितलं. मी ठेवणार एवढ्यात म्हणाली, "आणि हो, मापं आत्ताच विचारून घे. पहिल्या दिवशी बूट पायात पाहिजेत."